गोबीचं प्रोबेशन

४ मार्च, सकाळ
आजपासून रोजनिशी नियमित. रिटायर झालेल्या माणसाला शिस्त हवी. जानेवारी-फेब्रुवारीची पानं कोरी आहेत, ती धरायची नाहीत.

खाऱ्या पाण्याच्या टाकीत नवा मासा आला. वाळू चाळणारा गोबी. बोटाएवढा, पांढुरका, अंगावर नारिंगी ठिपके, चेहऱ्यावर कायम तक्रार. हा तोंडात वाळू भरून घेतो, खाण्यासारखं असेल ते ठेवतो आणि बाकीची कल्ल्यांतून टाकून देतो. म्हणजे इन्स्पेक्शनच. बाटल्यांच्या झाकणांच्या कारखान्यात मी आयुष्यभर तेच केलं. आमचं जमणार. नाव ट्रेनी ठेवलंय. प्रोबेशन पास झाला की पर्मनंट.

मासेवाला म्हणाला की टाकीतली जुनी वाळू धुऊ नका, लाइट मंद ठेवा आणि सुरुवातीला त्याच्याकडे फार बघू नका. हे सामान्य गिऱ्हाइकांसाठी असावं. वाळू मी आधीच सात पाण्यांनी धुतली होती. नवा माणूस घरी येणार म्हणून आपण केर काढतोच की.

४ मार्च, संध्याकाळ
लेकीला ट्रेनीचा फोटो पाठवला. तिला पुढच्या महिन्यात बाळ होणार आहे. आमची ही तिच्याकडे राहायला जाणार हे ठरलेलंच. मीही जाणार, कारण बाळाचं टाइमटेबल कोणीतरी करायला हवं. पण माझा विषय निघाला की लेक आणि जावई दोघंही ‘बघू’ म्हणतात. आज लेक म्हणाली, बाबा, आधी मासा तरी रुळवून दाखवा. हसत म्हणाली, पण म्हणाली. चॅलेंज स्वीकारलं.

५ मार्च
ट्रेनी दगडाखाली. गोठवलेल्या कोळंबीचे बारीक तुकडे दिले, ढुंकून पाहिलं नाही. दगड जरासा उचलून बघितला. तो दुसऱ्या दगडाखाली गेला. तोही उचलला. निष्कर्ष: चपळ आहे, तब्येत उत्तम.

६ मार्च
कालचे तुकडे वाळूवर तसेच. पाइप लावून सगळी वाळू स्वच्छ केली. ही म्हणाली, वाळू साफ करायला मासा आणलात, आणि वाळू तुम्हीच साफ करताय. म्हटलं, जॉइन झाल्या झाल्या त्याच्यावर लोड नको. ती मान हलवून स्वयंपाकघरात गेली. पटलं असावं.

८ मार्च
काल लिहायला वेळ झाला नाही, दिवसभर टाकीसमोर होतो. टॉर्चने तपासलं. दगडाखालून दोन डोळे माझ्याकडे बघत होते. मीही बघितलं. ओळख वाढते आहे.

खाणं मात्र शून्य. मेनू कंटाळवाणा वाटत असेल म्हणून आज व्हरायटी दिली: गोळ्या, उकडलेला वाटाणा आणि अंड्याचा पिवळा बलक. बलकाने टाकीचं ताक झालं. निम्मं पाणी बदललं. ही म्हणाली, अति तिथे माती. तिला सांगितलं, या टाकीत माती औषधालाही सापडणार नाही.

९ मार्च
संकल्प: उद्यापासून टाकीपाशी फक्त दोनदा जायचं. सकाळी आणि संध्याकाळी.

१० मार्च
संकल्प पाळला. मधे काही वेळा गेलो ते घड्याळ बघायला. घड्याळ टाकीच्या बरोबर वर आहे, त्याला मी काय करणार?

११ मार्च
ट्रेनी दिसला. पोट आत गेलंय. वरून बघितलं तर नुसतं डोकं आणि शेपूट. आज मी घाबरलो, हे इथे लिहायला हरकत नाही. दुपारी मलाही जेवण गेलं नाही. वाळू पुन्हा साफ केली, तेवढंच हातात होतं.

लेकीचा फोन आला. मासा मजेत आहे म्हणून सांगितलं. ती लहान असताना अशीच, जेवायची नाही. मी समोर बसून एकेक घास मोजायचो, तरी तोंडात धरून ठेवायची. आजीकडे गेली की मात्र दोन पोळ्या गट्ट. हवापालट, दुसरं काय.

१२ मार्च
दादा अंघोळीला जाताना घसरला, पाय प्लास्टरमध्ये. त्याच्याकडे जाऊन ये, असं ही म्हणाली. मी म्हटलं, ट्रेनीचं काय? तोवर हिने माझी बॅग भरलेली होती. ट्रेनीसाठी दोन पानी सूचना टाकीला चिकटवून निघालो.

१३ मार्च, दादाकडे
वहिनीची औषधं ठेवायची पद्धत चुकीची होती. रंगांप्रमाणे लावून दिली. दादाला पाय किती उंच ठेवायचा ते समजावलं. मी जवळ बसलो की तो लगेच डोळे मिटतो. औषधाची गुंगी असावी. हिला चारदा फोन केला. सगळं ठीक, एवढंच म्हणते. हिला रिपोर्टिंग कधी जमलंच नाही.

१५ मार्च
वहिनीने माझं परतीचं तिकीट आपणहून काढून आणलं. किती काळजी घेते बाई.

दुपारी हिचा व्हिडिओ आला. टाकीशेजारी बसून ही मटार सोलतेय, लक्ष सगळं मटारात. मागे ट्रेनी बाहेर, उजेडात. तोंडभर वाळू घेतो, गालफडं फुगवतो, कल्ल्यांतून भुरुभुरु सोडतो, दोन इंच पुढे सरकतो, पुन्हा तोंडभर. पोट गोल.

पुन्हा पुन्हा पाहिला. डोळ्यांत पाणी आलं. पाया मी घातला होता, त्याला फळ आलं.

१६ मार्च
घरी आलो. टाकीत एका कोपऱ्यात मळकी, काळपट वाळू. हिला विचारलं. म्हणाली, मासेवाल्याला फोन केला होता. त्याच्या टाकीतली जुनी वाळू पिशवीभर आणली, न धुता ओतली. तिच्यात बारीक बारीक किडे असतात, त्यांच्यावरच हा जगतो. आपल्या वाळूत काही शिल्लकच नव्हतं, आपण उपाशी पाहुण्यासमोर रोज घासलेलं ताट ठेवत होतो. बाकी ही रोज कोळंबीचे तुकडे एकाच जागी टाकायची आणि आपल्या कामाला लागायची. माझ्या दोन पानी सूचनांवर मटाराची सालं होती.

म्हणजे मासेवाल्याने मला नीट सांगितलं नव्हतं.

खुर्ची ओढून टाकीसमोर बसलो. ट्रेनी दगडाखाली गेला. वाट बघितली. हिने स्वयंपाकाला बोलावलं म्हणून उठलो, कोथिंबीर निवडून दिली. परत आलो तर तो बाहेर. बसलो तर आत. योगायोग.

१८ मार्च
लेकीचा फोन. मी बोलायच्या आधीच म्हणाली, व्हिडिओ पाहिला, आईने मला पण पाठवला होता. मी म्हटलं, मग? रुळला ना मासा? हो, म्हणाली. मग एकदम मऊ आवाजात म्हणाली, बाबा, आधी आईच येऊ दे. तुम्ही महिन्याभराने या. बाळाला जरा रुळू दे, आम्हालाही.

मी म्हटलं, अर्थात. माझाही तोच प्लॅन होता.

फोन ठेवला. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. ही जवळ येऊन बसली. बाळासाठी मी केलेल्या टाइमटेबलचा कागद मागितला तिने. दिला. तिने घडी घालून बॅगेत ठेवला. वापरणार नाही, मला माहीत आहे.

२० मार्च
ट्रेनीला पर्मनंट केलं. वाळूचा पाइप माळ्यावर टाकला. खुर्ची टाकीसमोरून उचलून बाल्कनीत नेली, टाकीकडे पाठ करून. महिनाभर सराव करायचा आहे.

बाल्कनीच्या दाराच्या काचेत टाकी दिसते. तेवढं चालत असावं.