लोहार विरुद्ध मास्तर : दहावी फेरी

३ मार्च, रविवार

ही जाऊन अडतीस दिवस झाले. आज चार वाजता सवयीने दोन कप मांडले. एक पुन्हा फडताळात ठेवला.

दहावी फेरी राहिली आहे. हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते. घर बसले, आणि मला सामन्याची चिंता! तीही कधी न झालेल्या सामन्याची. हिचा लोहार हिच्या आजोबांच्या काळातला मुष्टियोद्धा. माझा मास्तर माझ्या कॉलेजच्या दिवसांतला. दोघांची गाठ पडणे अशक्य — म्हणूनच आम्ही ती पाडली. दर रविवारी एक फेरी, एकूण बारा. कुणाचा हात लांब, कुणाचा दम मोठा, जुन्या पातळ ग्लोव्हजची सूट किती द्यायची — तासभर वाद. मुष्टियुद्धाच्या क्लबात तीन-तीन मिनिटांच्या फेऱ्यांना मी पंच आणि ही टाइमकीपर होती. घरीही तोच शिरस्ता. ही पितळी घंटा वाजवी. मग प्रत्येकाने आपले गुणांचे कार्ड भरून आपापल्या डब्यात टाकायचे. बारावी फेरी होईपर्यंत डबा उघडायचा नाही.

असे कितीतरी सामने आम्ही लावले. हा नवव्या फेरीवर थांबला.

५ मार्च, मंगळवार

मेहुणी येऊन गेली. हिच्या साड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली, "भाऊजी, राग मानू नका, पण ताईला त्या ठोशाठोशीत काडीचा रस नव्हता. तुम्ही एरवी तोंड उघडत नव्हता, म्हणून बसायची बिचारी."

मी "असेल" म्हणालो. शिष्टाचार!

६ मार्च, बुधवार

हे खरे असेल तर एकतीस वर्षांचे रविवार हिने सोसले.

१० मार्च, रविवार

ठरवले — राहिलेल्या फेऱ्या एकट्याने पूर्ण करायच्या आणि मग नियमाप्रमाणे हिचा डबा उघडायचा. मन नसताना भरलेले कार्ड पंचाला लगेच ओळखू येते.

जमले नाही. मास्तर डावा हात पुढे करतो आणि लोहार नुसता उभा! त्याच्या बाजूने बोलायला कुणी उरले नाही.

ही लोहाराचे गोडवे गाऊ लागली की मी म्हणत असे, "मेलेल्या म्हशीला मणभर दूध!" ही ताडकन म्हणे, "आणि तुमच्या जिवंत रेड्याला किती?" आणि हसे. कंटाळलेले माणूस असे हसते काय? मला ठाऊक नाही. ठोसे मोजण्यात हयात गेली. हसण्याची पारख कधी आली नाही.

१३ मार्च, बुधवार

मुलीचा फोन. आडून विचारले, आईला मुष्टियुद्ध मनापासून आवडे काय?

"बाबा, काहीतरीच काय! हॉस्पिटलात तिनं माझ्याकडून काय मागवलं, माहितीये? तिचा तो डबा आणि पेन्सिल. घंटा मात्र नको म्हणाली. वर म्हणाली, ह्यांना सांगू नकोस."

त्या सतरा दिवसांत मी रोज खाटेशेजारी बसलो. रक्ताचे अहवाल, औषधांच्या वेळा — एवढेच बोललो. आजारी माणसापाशी ठोशांच्या गोष्टी काढणे मला अप्रशस्त वाटले. एकदा हिने विचारले होते, "अहो, आज रविवार ना?" मी म्हणालो, "हो. डॉक्टर उशिरा येतील."

पुढच्या रविवारीही हिने तेच विचारले. मीही तेच उत्तर दिले.

१७ मार्च, रविवार

नियम मोडला. हिचा डबा उघडला.

नऊ कार्डे, एकही खाडाखोड नाही. सहा फेऱ्या लोहाराच्या, तीन मास्तरच्या. सातवी मास्तरला देऊन पुढे लिहिले आहे — "नाइलाज!"

दहावे कार्ड, १४ जानेवारी : "घंटा दिली. पंच आले नाहीत."

अकरावे, २१ जानेवारी : "घंटा दिली. पंच आले नाहीत. पूर्ण तीन मिनिटे वाट पाहिली."