बाबांचे सुळे

३ फेब्रुवारी
बाबांनी आज पुन्हा कवळी काढून ठेवली. टोचते म्हणे. मी बनवलेली कवळी! अर्ध्या शहराचे दंतवैद्य आमच्या लॅबमध्ये माझ्याकडून कवळ्या करून घेतात, आणि सासऱ्यांनाच तेवढी टोचते. टोचत-बिचत काही नाही. सासूबाई गेल्यापासून आठ महिने त्यांना चावायचंच नाहीये. नुसतं सूप. नऊ किलो उतरलेत. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर नळी घालावी लागेल.

९ फेब्रुवारी
माळा आवरताना पत्र्याची पेटी निघाली. बाबा हेडमास्तर होते तेव्हा तीस वर्षांत पोरांच्या दप्तरांतून जप्त केलेली कॉमिक्स. झाडून सगळी व्हँपायरची. शवपेट्या, वटवाघळं, किंचाळणाऱ्या बायका. नवरा म्हणाला, रद्दीत घाल. बाबा म्हणाले, “थांबा. जप्त मालाची आधी तपासणी व्हायला हवी.”
आठ महिन्यांतलं त्यांचं सगळ्यात लांब वाक्य.

१० फेब्रुवारी
तपासणी सुरू. लाल पेन घेऊन बसलेत. ‘रक्तपीपासु’ला दोन गोल, समासात शेरा – शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे.

१४ फेब्रुवारी
लाल पेन कोपऱ्यात पडलंय. हाक मारली तरी ऐकू जात नाही. शेवटी विचारलं, एवढं काय आहे हो त्यात? मला वाटलं, रागावतील. पान न उलटता म्हणाले, “हा माणूस तीनशे वर्षं एकटा आहे. तरी रोज नीट भांग पाडतो, कोट चढवतो आणि भूक लागली म्हणून बाहेर पडतो.”
मी स्वयंपाकघरात जाऊन उगाचच ओटा पुसला.

१७ फेब्रुवारी
बाबांनी विचारलं, नवी कवळी करून तिचे सुळे जरा लांब ठेवता येतील का. आधी वाटलं, थट्टा करताहेत. पण त्यांनी मोजपट्टी लावून आकृती काढली होती. नवऱ्याने कपाळावर हात मारला. म्हणाला, लोक शेण घालतील तोंडात. मी म्हटलं, घालू देत. बाबांच्या तोंडात काहीतरी जाऊ दे आधी.

२१ फेब्रुवारी
लॅबमधले सगळे जेवायला गेल्यावर बाबांचे सुळे मेणात कोरले. तीन मिलिमीटर जास्त. बावीस वर्षांच्या नोकरीत एवढं मन लावून काही केलं नव्हतं.

२५ फेब्रुवारी
कवळी बसली. बाबांनी आरशात डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. मग सफरचंद मागितलं. अख्खं! दातांनी तोडून खाल्लं. नवरा दारात उभा होता. आत गेला आणि दुसरं सफरचंद धुऊन घेऊन आला.

४ मार्च
पेटीतली मालिका तेराव्या अंकावर तुटते. नायिका विहिरीत, व्हँपायर वर, आणि पुढचा अंक आणणारं पोरगं बहुधा बाबांच्या हाती सापडलंच नसेल. बाबा अस्वस्थ. कोट घालून वाचनालयात गेले. तिथल्या बाई साठीच्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, आवाज खणखणीत. नियम दाखवून भल्याभल्यांना गप्प करतात. बाबा हसले तेव्हा सुळे दिसले म्हणे. बाईंनी चष्मा वर केला आणि चौदावा अंक स्वतःच्या पिशवीतून काढून दिला.

१३ मार्च
रोज वाचनालय. बाबा सांगतात, बाईंचं मत वेगळं आहे – व्हँपायर वाईट नाही, त्याला फक्त आमंत्रणाशिवाय घरात शिरता येत नाही. यावर दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. बाबा घरी येऊन दोनदा वाढून घेऊन जेवले.

२० मार्च
वजन चार किलोने वाढलं. डॉक्टरांनी विचारलं, कोणतं टॉनिक? नवरा म्हणाला, घरगुती आहे.

२८ मार्च
आज वाचनालयाच्या बाई लॅबमध्ये आल्या. वरची कवळी करायची होती, आणि “सुळ्यांचं काय ते तुम्हाला ठाऊक आहेच,” म्हणाल्या. माप घ्यायला तोंडात साचा बसवला, म्हणजे आता चार मिनिटं बोलायचं नाही. त्यांनी पर्समधून पेन काढलं आणि माझ्या वहीवर लिहिलं: ‘तुमच्या सासऱ्यांनी मला लग्नाचं विचारलं आहे. मी हो म्हणणार आहे. तुम्ही मला घरात बोलवाल का?’