आईचे बावीस दात

२ मार्च, सकाळी ७
आजपासून आईचे दात मी घासणार. लेख वाचला : हिरड्यांचे आजार आणि स्मृतिभ्रंश यांचा संबंध असू शकतो. 'असू शकतो' हा शास्त्रज्ञांचा विनय. म्हणजे आईचं सगळं खूळ हिरड्यांत आहे. तीन महिन्यांत ठणठणीत. प्लॅन : मऊ ब्रश, फ्लोराईडची पेस्ट, दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटं. नंतर नुसतं थुंकायचं, चूळ भरायची नाही.

२ मार्च, संध्याकाळ
सकाळी पेस्ट गिळली. आत्ता माझ्या बोटाला चावली. जबडा मजबूत आहे. चांगलं लक्षण.

५ मार्च
इलेक्ट्रिक ब्रश आणला. तोंडात गांधीलमाशी शिरली म्हणत आई तरातरा बाहेर. एवढी चपळ वर्षभरात दिसली नव्हती. तरी साधाच ब्रश बरा. या धांदलीत माझे दात घासायचे राहिले. उद्यापासून.

११ मार्च
तोंडात फेस असताना आईने एकोणतीसचा पाढा म्हटला. न अडखळता. शेवटी शाळेत तीस वर्षं गणित शिकवलंय. ताईला फोन केला. ती म्हणाली, पाढे तिला मागच्या वर्षीही येत होते, तुझं नाव विचारून बघ.
विचारलं नाही. या वयात परीक्षा कशाला घ्यायची.

१९ मार्च
डेंटिस्टबाईंना दाखवलं. बावीस दात, एकही किडका नाही. हिरड्यांतून येणारं रक्त थांबलंय. छान निगा ठेवलीत, म्हणाल्या. मग मी स्मरणशक्ती कधी सुधारेल ते विचारलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. संबंध दिसणं वेगळं, कारण असणं वेगळं, म्हणाल्या. दात दुखत नाहीत, दोन घास नीट खाता येतात, हे काही थोडं नाही.
बाई हुशार आहेत, पण अनुभव कमी.

२६ मार्च
आई मला अहो-जाहो करायला लागलीय. ब्रश घेऊन गेलो की या, बसा म्हणते. ताईला सांगितलं तर फोनवर रडायलाच लागली. तिचा स्वभावच हळवा. आईचं काय, शिक्षकांना सगळ्यांना मान द्यायची सवय असते.
दातांच्या फटींत दोरा फिरवतो तो फ्लॉस, त्याच्या उपयोगाचा पुरावा तोकडा आहे, असं वाचलं. चालू ठेवलाय. पुरावा तोकडा म्हणून कुणी माणूस सोडतं का.

९ एप्रिल, सकाळी ८
आज आपणहून तोंड उघडलं. पूर्ण दोन मिनिटं. थुंकली, चूळ मागितली नाही.
हनुवटी पुसत होतो, तर तिने माझा हात धरला. म्हणाली, तुमचा हात फार हलका आहे हो. रोज माझ्यासाठी येता. तुमची आई आहे का?
आहे म्हणालो.
मग आज तिच्याकडे जा, म्हणाली. वाट बघत असेल.
बरं म्हणालो. चपला घातल्या, दार ओढून घेतलं आणि जिन्यात बसून राहिलो. बेल वाजवायचा धीर होईना.