उतरवलेला पियानो

सोमवार, ३
पोचलो एकदाचे! खोली ऐसपैस आहे, खिडकीत भरपूर ऊन, आणि भिंतीपलीकडे आईची खोली. या आरामगृहातला पियानो मी सुरात ठेवायचा आणि त्या बदल्यात त्यांनी आईला इथे ठेवून घ्यायचं, असं ठरलंय. बाबा गेल्यापासून तिचा डोळ्याला डोळा लागत नाही, तोंडाचा पट्टा मात्र अखंड चालू. आल्या आल्या तिने चिखलाच्या बुटांवरून मला झापलं, उशीवरून परिचारिकेला.

डॉक्टरीणबाईंचं म्हणणं, मधला सूर नेहमीच्या चारशे चाळीस कंपनांवरून चारशे बत्तीसवर उतरवला की ऐकणारा सैल होतो. बाबा पियानो लावण्यातले उस्ताद, त्यांनी हे हसण्यावारी नेलं असतं. माझं काय जातंय!

मंगळवार, ४
दोनशेवर खुंट्या, एकेक केसभर सैल केली. हात भरून आले. संध्याकाळी बाई वाजवायला बसल्या. सहाही रहिवासी दालनात होते. दुसऱ्याच गतीला आई खुर्चीत झोपली. चार वर्षांनी! मला रडूच फुटलं.

शुक्रवार, ७
बाईंच्या सांगण्यावरून चारशे वीसपर्यंत आणलाय. चार नंबरचे आजोबा कप उचलतात आणि तो अर्ध्यावरच राहतो. आईने आज मला एकदाही टोकलं नाही. आधी हायसं वाटलं. मग मुद्दाम चिखलाचे बूट घालून तिच्या खोलीत गेले. तिने पाहिलं. बोलली नाही.

रविवार, ९
आईची नाडी मोजली. बेचाळीस. वादन झाल्यावर अडतीस. परिचारिका म्हणाली, सगळ्यांचीच उतरतेय, बाई खूश आहेत. आणखी उतरवायला मी साफ नकार दिला.

सोमवार, १०
हात लावला नाही, तरी पियानो उतरलाय. ढिली तार आपणहून आणखी ढिली होत जाते. हे मला ठाऊक असायला हवं होतं. आई चौतीस. माझी स्वतःची सेहेचाळीस.

मंगळवार, ११
सूर परत चढवायचा. बाबांनी बजावलं होतं, उतरलेली तार एका दमात चढवू नकोस, तुटेल. पण वेळ कुठे आहे?
बाई बाहेर गेल्यावर आईला चाकाच्या खुर्चीतून दालनात आणलं. दार आतून लावलं. पहिलं सप्तक चढलं, तिची बोटं हलली.
मग एक तार तुटली. त्याच क्षणी दाराबाहेर परिचारिका किंचाळली. चार नंबरचे आजोबा गेले.
मी थांबले.

बुधवार, १२
सकाळी आई तेवीस. थांबले तरी ती जाणार — चढवलं तर —
पुन्हा आईला दालनात आणलं, दार लावलं, खुंट्या पिळायची किल्ली घेतली.

दुपार
दुसरी तुटली. बाहेर ओरडा — सहा नंबरच्या मावशी. मला माफ करा —
दार ठोठावताहेत.
आईने डोळे उघडले!

एका हातात किल्ली, दुसऱ्यात पेन. चारशे अडतीस. शेवटची तार, गंजलेली. कुणाची, कसं कळणार — सोडली तर सगळं पुन्हा उतरेल —
आई माझ्या पायांकडे बघतेय. ओठ हलताहेत. अजून थोडंसंच —
तार करकरतेय —
आई म्हणाली, बूट काढ आ