अबोली, गोगलगायी आणि भारद्वाज

गुरुवार, १० जुलै, भांडुप

आज जिंकले! म्हणजे भारद्वाज जिंकला, पण तेच ते.

सोसायटीच्या बागेत आफ्रिकन गोगलगायींनी आईची अबोली कुरतडून टाकली होती. बाहेरून आलेल्या, इथे खाणारं कोणी नाही म्हणून माजलेल्या. सेक्रेटरी सावंत उद्या विषाच्या गोळ्या टाकणार होते. काल मी त्यांना फुटलेले शंख दाखवले. कोणीतरी खातंय, थांबा. तर म्हणे, "वहिनी, भूत खाताहा काय?"

आज सकाळी सावंत मुलीचं स्थळ बघायला निघाले, तर कुंपणावर भारद्वाज! चोचीत गोगलगाय. जागीच हात जोडले त्यांनी. "वहिनी, भारद्वाज दिसलो! आता काम झालाच!"

"आणि उद्या त्याच्याच ताटात विष वाढणार?"

गोळ्या दुकानात परत गेल्या.

शाळेत भारद्वाज दिसला की आम्ही मुली हात जोडायचो आणि विज्ञान शिकवणाऱ्या सिस्टर ओरडायच्या, "पंख बघा, पंख!" किती गोड रागवायच्या. आज आधी पंख बघितले. तांबूस, अगदी तेच.

सगळ्या गोगलगायी तो एकटा थोडाच संपवणार? उरलेल्या मी वेचीन. पण अबोलीपाशी अजून एक फुटका शंख सापडलाय. सिस्टर, मग मीही हात जोडलेच हं.