सात तुकड्यांचा ट्राउट

शॅनन, आयर्लंड
रविवार, पाऊस (म्हणजे नेहमीसारखंच)

तीर्थरूप मोरेश्वरमामांच्या पायांवर रुपेशचं डोकं. (तुम्ही पाय मागे घेता हे माहीत आहे, पण एवढ्या लांबून ते तुम्हाला जमायचं नाही.) तुमचा गुडघा कसा आहे? मामीची शुगर? होडीला डांबर लावलंत का? मी मजेत आहे. इथे कोणालाही काही विचारलं की ‘ग्रँड’ म्हणतात, पाय मोडला असला तरी ग्रँड, म्हणून मीही ग्रँड. फोन सोडून पत्र का, तर तुमचा फोन मामी स्पीकरवर ठेवते आणि मग पलीकडून आईसुद्धा ‘हो का?’ म्हणते. हे पत्र वाचून झालं की बंबात घाला.

मामा, काल माझी परीक्षा होती. घाबरू नका, पुस्तकाची नव्हे, गांडुळाची. जयदीप मी मागे सांगितलाच आहे: पुण्याचा, कॉम्प्युटरवाला, माझ्या घरातच पुढच्या खोलीत राहतो, फ्रिजमधल्या स्वतःच्या दह्यावर मार्करने ‘ज’ लिहितो. हा माणूस कट्टर शाकाहारी आणि दर शनिवारी मासे पकडतो! पकडतो, फोटो काढतो, सॉरी म्हणतो आणि सोडून देतो. (मला तर हे लग्नाला जाऊन न जेवता परत येण्यासारखं वाटतं.) गांडूळ लावायचं नाही, कारण त्याला दुखतं. त्याच्याकडे मसाल्याच्या डब्यासारखा कप्प्याकप्प्यांचा डबा आहे, त्यात एकतीस खोटी आमिषं: रबराचे किडे, डोळे वटारलेले प्लॅस्टिकचे मासे, घुंगरू लावलेलं एक तर तमाशातून पळून आल्यासारखं. सगळ्यांच्या पोटावर ‘ज’. मी त्याला सांगितलं, अरे, वाशिष्ठीच्या काठी आमच्या मामाने केळीच्या बुडातलं गांडूळ लावून जे मासे काढलेत ते तुझ्या कंपनीत मावणार नाहीत. तो म्हणाला, ‘तुझा मामा सायंटिफिक नाहीये रे.’ मामा, तुमच्याबद्दल! मी दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही. (तिसऱ्या दिवशी डाळ त्याने केली होती, म्हणून बोललो.)

आता यात त्याची बहीण केतकी येते. ती मेनूथच्या विद्यापीठात शिकते आणि काय शिकते, तर गांडुळं. खरंच! शेतातली माती खणून गांडुळं मोजते, त्याची तिला डॉक्टरकी मिळणार आहे. सुट्टीला भावाकडे आली तेव्हा मी अंगणात काठीने माती ठोकून गांडुळं वर काढत होतो, तुम्ही शिकवलंत तसं. ती तिथेच उकिडवी बसली आणि अर्धा तास उठली नाही. मग दर सुट्टीला येऊ लागली. पुढचं तुम्ही समजा, मला लिहायला लाज वाटते. तिचं ठरलंय, माझं तर तिच्याआधीच ठरलं होतं, राहिले पुण्याचे आईबाबा. त्यांच्याकडे विषय जयदीपनेच काढायचा आणि जयदीपची गाडी माझ्या ‘नववी नापास’वर अडलेली. शेवटी पैज लागली. क्लबच्या स्पर्धेत माझा मासा मोठा निघाला तर तो पुण्याला फोन करणार. त्याचा निघाला तर मी आधी सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी काढायची, मग बघू. दहावी, मामा! भूमितीसकट!

तर काल सकाळी फर्गस नदीवर आम्ही तिघं आणि क्लबचे चाळीस गोरे. जयदीपने पहिल्याच तासात हिरवा प्लॅस्टिकचा मासा गमावला, काहीतरी जोरात ओढलं आणि दोराच तुटला. मी मनात आरती म्हटली. पण नंतर त्याला एकोणपन्नास सेंटीमीटरचा ट्राउट लागला. फोटो, सॉरी, सोडला. मला दुपारपर्यंत एक शेवाळाचा झुपका. भूमिती डोळ्यांपुढे नाचायला लागली. आणि अडीच वाजता, मामा, गळ असा खेचला गेला की मी गुडघाभर पाण्यात! दहा मिनिटं त्याने मला नाचवलं, मी त्याला नाचवलं, आणि काढला बाहेर. हा एवढा!

पुढचं मी केलं नाही, हातांनी केलं. तुमचीच शिकवण, मासा बाहेर आला की त्याला तिष्ठत ठेवायचा नाही. त्यात रोज मटणाच्या कारखान्यात सुरी चालवून हात झालेत मशीन. डोक्यात एक टोला, खवलं काढली, पोट साफ, सात तुकडे, वरून हळद-मीठ. (डबी खिशात असतेच.) क्लबचे सेक्रेटरी डेक्लन मोजपट्टी घेऊन धावत आले. ‘मासा कुठाय?’ मी डबा उघडून दाखवला. त्यांनी टोपी काढली. नियम असा निघाला की मासा जिवंत मोजायचा आणि पाण्यात सोडायचा. मला वाटलं, सोडायचे ते लहान!

मी हार मानली नाही. पट्टीवर तुकडे क्रमाने मांडले, डोकं, मधले पाच, शेपूट. अठ्ठावन्न! जयदीप ओरडला, ‘तुकड्यांमधली हवा मोजू नकोस!’ सरकवून मोजलं, एक्कावन्न. तरी दोनने वर. डेक्लन म्हणाले, क्लबच्या लेखी हा मासा नाही, हे जेवण आहे. तेवढ्यात केतकीने बाजूला काढलेली आतडी काडीने उलगडली आणि आतून निघाला हिरवा प्लॅस्टिकचा मासा. पोटावर ‘ज’.

मग जे भांडण झालं! जयदीप म्हणे, मासा आधी माझा, तू नुसता उचललास. मी म्हटलं, तुझं प्लॅस्टिक खाऊन पोट भरलं नाही, म्हणून बिचारा खऱ्या जेवणाला माझ्याकडे आला. गोरे टाळ्या वाजवत होते. डेक्लननी शेगडी पेटवून दोन तुकडे तळले, खाल्ले, ग्रँड म्हणाले, आणखी दोन घेतले. पंच केतकी. तिने माझा गळ हातात घेऊन बघितला, खिशात टाकला आणि म्हणाली, ‘दादा, फोन लाव.’

त्याने लावला, मामा!

मामीला नमस्कार, होडीला जपा.
तुमचा रुपेश

ता.क. फोनवर केतकीचे बाबा म्हणाले, मुलाकडचं वडीलधारं माणूस येऊन बोलू दे. तर हे पत्र मिळाल्यावर येणाऱ्या पहिल्या रविवारी पुण्याला जाल का? धुतलेला सदरा घाला. नववी आणि कारखाना, दोन्ही खरं सांगा (केतकीचा हुकूम), पण चहा झाल्यावर. माशांचं नाव काढू नका. जयदीप शनिवारी नदीकाठी प्राणायाम करतो असं घरी माहीत आहे.

ता.ता.क. जमेल तेव्हा जवळ्याची पूड पाठवा, संपली. कशाने संपली ते तुम्हालाच सांगतो. माझ्या डब्याचं झाकण उघडं राहिलं आणि सगळी गांडुळं जयदीपच्या गाडीत पसार झाली. माझ्या गळाला होतं त्याच्याच डब्यातलं रबरी गांडूळ, तुमची जवळ्याची पूड चोळून. पोटावर ‘ज’. गांडुळांची डॉक्टरीण ती, एका नजरेत ओळखलं आणि खिशात टाकलं. मामा, अशी मुलगी परत मिळायची नाही. रविवार चुकवू नका.