सहीखालचं कलम

मी स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तू, क्रमाने: राहतं घर, पायापासून धुराड्यापर्यंत, १९५९ ते १९६२, दारांच्या चौकटींना एकही खिळा नाही. काचेच्या बाटल्यांचे ओतीव लोखंडी साचे तीनशे बारा, आतून कानशीने हातानं घासलेले. हरणाच्या शिकारीची चकमकीची बंदूक एक, दस्ता आणि घोडा दोन्ही घरचे. जेवणाचा ॲल्युमिनियमचा डबा एक, तीन खणी: खाली पाणी, मध्ये जेवण, वर गोड. पाणी उपसायचा पंप एक, मोडीत निघालेल्या मोटारीच्या इंजिनावर चालणारा. पत्नीची शवपेटी. माझी शवपेटी, जी गॅरेजात आहे आणि तूर्त जिच्यात बटाटे आहेत. आणि हा कागद.

हे सर्व करणारा मी, वासिल इव्हान झुर्को, वय छप्पन्न, राहणार कोल्टर्स बेंड, पेनसिल्व्हेनिया. शिक्षण शाळेत आठवीपर्यंत, पुढचं सगळं गावच्या वाचनालयात. बुद्धी शाबूत, हात शाबूत, फुप्फुसं नाहीत. डॉक्टरांनी मला नाताळपर्यंतची मुदत दिली आहे. त्यांचे अंदाज नेहमी ढोबळ असतात, म्हणून मी नोव्हेंबर धरून चाललो आहे. कुणाच्या दबावाखाली, नशेत किंवा कुणाची कीव येऊन मी हे लिहीत नाही. आधीची सगळी मृत्युपत्रं, म्हणजे १९८३ चं एकच, रद्द.

वकील लावलेला नाही. कायद्याचं पुस्तक दोनदा वाचलं. पान १४० वर त्यात चूक आहे, ती पेन्सिलीने दुरुस्त करून पुस्तक परत केलं. व्यवस्थापक म्हणून ग्रंथपाल मिस आयोन प्रॅट यांना नेमतो. या गावात कुठलीही वस्तू घेतली तिथेच परत ठेवणारी ही एकच व्यक्ती मी पाहिली.

कलम १. घडलेली हकीकत. पुढची कलमं समजावीत म्हणून एकदाच लिहितो.

काच कारखाना १९८४ च्या मार्चमध्ये बंद झाला. साचे तळघरात राहिले. तळघर नदीच्या पातळीखाली आहे, आणि पाणी उपसलं नाही तर ते रोज दीड बोट चढतं. साचे भिजले की गंजतात. गंजलेल्या साच्यातून बाटली निघत नाही, आणि साचे नसलेला कारखाना कुणीही पुन्हा चालू करत नाही. हे गणित कंपनीला चार वर्षांत जमलं नाही. म्हणून मी रोज सकाळी सात वाजता डबा घेऊन मागच्या दाराने आत जात होतो आणि दोन तास दहा मिनिटं पंप चालवत होतो. किल्ली पहारेकरी अँड्रू साबोल देत असे. गावाला मी मासे धरायला जातो असं सांगितलं होतं. खरी गोष्ट साबोलला माहीत होती, आणि माझी मुलगी ज्युडिथ हिला. ती १९८७ च्या ईस्टरला आली तेव्हा माझ्या मागोमाग आली होती. पायरीवर बसून तिने माझं जेवण पाहिलं.

ज्युडिथ वॉशिंग्टनला विमा कंपनीत आहे असं मी गावात सांगत आलो. ते खरं नाही. ती राष्ट्राध्यक्षपदाच्या एका उमेदवाराकडे भाषणं लिहीत होती.

या वर्षी एप्रिलमध्ये, आमच्या राज्यातल्या, पक्षाचा उमेदवार निवडायच्या मतदानाच्या दोन आठवडे आधी, ते उमेदवार समुद्रकाठच्या एका शहरात देणगीदारांच्या मेजवानीत बोलले. कुणीतरी ते टेपवर घेतलं आणि रेडिओने ते आठवडाभर वाजवलं. म्हणाले, "त्या डोंगरातल्या गावांतून कारखाने गेले आणि लोकांच्या हाती उरली बंदूक, क्रूस आणि डबा. मला एक माणूस माहीत आहे. चार वर्षांपूर्वी बंद पडलेल्या कारखान्याच्या फाटकावर तो रोज सकाळी डबा घेऊन जातो आणि भोंग्याची वाट बघत बलोनीचं सँडविच खातो. आणि काय करतो सांगू? लहान मुलासारखा आधी गोड खातो." इथे लोक हसतात. मग म्हणाले, "या लोकांशी वाद घालून उपयोग नाही. त्यांची कीव करायची आणि पुढच्या पिढीची वाट बघायची."

तिसऱ्या दिवशी कंपनीचे लोक आले. त्यांनी कुलूप बदललं, पंप उचलून नेला आणि साबोलला काढून टाकलं. आज तळघरात पाणी नदीच्या पातळीला येऊन खालून सातव्या पायरीवर आहे. साचे चौथ्या पायरीच्या उंचीवर होते.

कलम २. सदर उमेदवार यांस. जूनमध्ये त्यांनी माघार घेतली, तरी चुका माघार घेत नाहीत. मिस प्रॅट यांनी खालील दुरुस्त्या रजिस्टर टपालाने पाठवाव्यात.

फाटक नव्हे, तळघर. फाटकावर बसून खाणारा माणूस रिकामटेकडा असतो.

बलोनी, म्हणजे दुकानातलं ते स्वस्त सॉसेज, मी आयुष्यात खाल्लेली नाही. डब्यात होलुपकी असत, कोबीच्या पानात भात आणि खिमा. पत्नी मार्था गेल्यापासून त्या मी स्वतः करतो आणि पान फाटत नाही.

भोंग्याची वाट पाहिली नाही. भोंगा १९८४ मध्येच भंगारात विकला गेला, हे मला त्यांच्या आधी माहीत होतं.

गोड आधी खातो, हे बरोबर. १९५७ च्या ऑगस्टमध्ये साडेअकरा वाजता यारीची साखळी तुटून पीट ओरावेट्झ माझ्यापासून सहा फुटांवर मेला. त्याचा डबा त्याच्या बायकोकडे मी पोचवला. जेवण संपलेलं होतं. वरच्या खणात सफरचंदाच्या पायचा तुकडा तसाच होता, आणि त्या बाईने तो माझ्यासमोर उघडला. त्या दिवसापासून मी गोड आधी खातो. यात लहान मुलासारखं काय आहे ते त्यांनी मिस प्रॅट यांना कळवावं. टपालाचं तिकीट सोबत जोडलं आहे.

कलम ३. माझा मेहुणा लेनर्ड पोहाच यास. लेनीने कारखान्यात एक दिवस काम केलं नाही. तो चपलांच्या दुकानात होता. तरी टेपनंतर तो विरोधी पक्षाच्या जाहिरातीत उभा राहिला आणि "आम्हा कामगारांच्या भावना दुखावल्या" असं म्हणाला. हातात बंदूक होती ती माझी, न विचारता नेलेली, आणि त्याने ती उलट्या खांद्याला लावली होती. त्याला शंभर डॉलर आणि एक हॅम मिळालं. त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी चर्चच्या तळघरात बायकांनी केलेले पिरोही, बटाटा भरलेले उकडलेले कानवले, खायला आम्ही बसलो असताना हा चाळीस माणसांसमोर ओरडला, "दाजी, गोड आधी वाढू का?"

मी म्हणालो, "लेनी, तुझ्या भावना बऱ्या झाल्या का?"

"हॅम संपेपर्यंत दुखतील, दाजी." लोक हसले. मी पिरोही संपवून उठलो, आधी उठलो नाही, याची नोंद असावी.

त्याला बंदूक फार आवडते, म्हणून बंदूक त्यालाच द्यावी. घोडा काढून द्यावी. घोडा मी आजच काढला आहे आणि तो माझ्या कोटाच्या खिशात माझ्याबरोबर पुरावा. असा घोडा करणारा या जिल्ह्यात दुसरा कुणी नाही, हे लेनीला डिसेंबरात शिकार सुरू झाली की कळेल.

कलम ४. फादर यांस काही नाही. टेपनंतरच्या रविवारी त्यांनी माझं नाव न घेता माझ्यासाठी दयेची प्रार्थना केली आणि सबंध वेळ माझ्याकडे बघत राहिले. माझ्या अंत्यविधीला प्रवचन नको. कीव, बिचारा किंवा साधा माणूस यांतला एकही शब्द निघाला तर शवपेटी उचलून बाहेर न्यावी. कड्या भक्कम आहेत, सहा माणसं पुरतील. बटाटे आधी काढावेत.

कलम ५. कानशी एकशे सहा, तेलात भिजवलेल्या कापडात. ज्याला लोखंडाचा तुकडा हाताने असा सपाट घासता येईल की त्यावर पोलादी पट्टी ठेवल्यावर खालून उजेड दिसणार नाही, त्याला सगळ्या द्याव्यात. एक वर्ष वाट पाहावी. कुणी येणार नाही. मग त्या तळघराच्या पाण्यात टाकाव्यात, साच्यांजवळ.

कलम ६. घर, जमीन आणि आतलं सामान अँड्रू साबोल यास.

अँडी, तू एप्रिलपासून माझ्याशी बोललेला नाहीस. वर्तमानपत्रात आलं होतं की त्या उमेदवाराला मी स्वतःच पत्र लिहून माझी कहाणी कळवली. तू आमच्या अंगणात आलास, टोपीही काढली नाहीस. म्हणालास, "वासिल, अठ्ठावीस वर्षं मी किल्ली सांभाळली. तुला एक जीभ सांभाळता आली नाही?"

मी हातातली कानस खाली ठेवली.

"काय मिळालं पत्र लिहून? तुझं नाव तरी घेतलं का त्याने?"

"नाही," मी म्हणालो.

"माझी पेन्शन सात महिन्यांवर होती," तू म्हणालास आणि गेलास.

शपथेवर लिहितो: मी पत्र लिहिलं नव्हतं. लिहिलं असं मीच सांगितलं होतं, आणि ते खोटं होतं. का सांगितलं ते सहीखाली आहे. आयुष्यात मी माशांबद्दल आणि ज्युडिथच्या नोकरीबद्दल खोटं बोललो ते कुणाला भोवलं नाही. हे तुला भोवलं. उत्तरेची खिडकी दमट हवेत अडकते. जोर लावू नकोस, जरा उचलून ढकल. परसात ज्यावर मी पंप जुळवला तो चौथरा मोकळा आहे, तिथे तुझी कोंबड्यांची खुराडी मावतील. मी मोजून पाहिलं आहे.

कलम ७. माझी मुलगी ज्युडिथ हिला. १९८३ च्या मृत्युपत्रात सगळं तिचं होतं.

टेप वाजल्यावर तिने चौथ्या दिवशी फोन केला. "बाबा, मी ते प्रेमाने सांगितलं होतं. गाडीत. मला वाटलं, तुमची गोष्ट ऐकून त्यांना आपली माणसं कळतील."

"कळली की. आता सगळ्या देशाला कळलीत."

"त्यांनी ती अशी वापरावी असं मला वाटलं नव्हतं."

"बलोनी कुठून आली?"

"काय?"

"होलुपकी होती. तू पाहिली होतीस."

"त्या लोकांना होलुपकी कळली नसती, बाबा."

"तू त्या मेजवानीच्या खोलीत होतीस?"

"नाही."

ज्युडिथ, ती टेप मी रेडिओवरून उतरवून घेतली आहे. हसण्याचा आवाज चार सेकंद आहे, घड्याळ लावून मोजला. सगळे 'आधी गोड खातो' या शब्दांनंतर हसतात. एक बाई त्यांच्या आधी हसते. तो माणूस वाक्य संपवायच्या आत हसते, कारण पुढे काय येणार ते तिला माहीत आहे. ते हसणं मी तू सात महिन्यांची असल्यापासून ऐकत आलो आहे. शेवटी तुझा श्वास आत ओढला जातो, तुझ्या आईचा जायचा तसा. पुन्हा पुन्हा ऐकलं. अकराव्या वेळेनंतर शंका राहिली नाही.

ईस्टरला चर्चमध्ये न्यायच्या टोपलीवर घालायचं, तुझ्या आईने भरतकाम केलेलं कापड तू दोनदा मागितलंस. ते माझ्या छातीवर घालून पेटी बंद करावी. तू पोचशील तेव्हा ती बंद झालेली असावी, अशी सूचना मिस प्रॅट यांना दिली आहे. तुला विमानतळावरून यायला चार तास लागतात. त्यांनी तुला पेटी बंद करायच्या तीन तास आधी कळवावं.

तुझ्या वाट्याला डबा. मिस प्रॅट यांनी तो घासून, मधल्या खणात बलोनीचं ताजं सँडविच ठेवून द्यावा. खालचा खण तळघरातल्या पाण्याने भरावा. वरचा खण रिकामा ठेवावा.

याउपर माझ्या मिळकतीवर तिचा हक्क नाही. टेप मात्र तिने मागितली तर द्यावी. दुसरी प्रत नाही.

वरील सर्व मी वाचून पाहिलं. खाडाखोड दोन ठिकाणी आहे, तिथे आद्याक्षरं केली आहेत. साक्षीदारांपैकी कुणालाही या मृत्युपत्राने काही मिळत नाही, हे पुस्तकात सांगितल्याप्रमाणे तपासलं आहे.

सही: वासिल इव्हान झुर्को
ठिकाण: कोल्टर्स बेंड, स्वतः केलेल्या टेबलावर (टेबल वरच्या यादीत लिहायचं राहून गेलं, ते घरातल्या सामानात धरावं)
दिनांक: सोमवार, १७ ऑक्टोबर १९८८, सकाळी नऊ वाजून वीस मिनिटं

साक्षीदार १: क्लॅरेन्स युहास, न्हावी. यांनी वाचून न बघता सही केली, जी त्यांची सवय आहे.
साक्षीदार २: मिसेस डोरोथी लँबर्ट, टपाल कचेरी. यांनी सगळं वाचलं, आणि त्यानंतर एक ग्लास पाणी मागितलं.

सहीखालचं कलम. हे सहीच्या वर घेतलं नाही, कारण ते मिळकतीत मोडत नाही. नाकारलेली गोष्ट मिळकत नसते. दोन्ही साक्षीदार अजून बसलेले आहेत.

मतदानाच्या आदल्या बुधवारी विरोधी पक्षाची दोन माणसं माझ्या दारात आली. गुळगुळीत बूट, पाय पुसले नाहीत. त्यांना टेबलापाशी बसवलं. डबा तिथेच होता.

"हा तोच डबा का?" एकाने विचारलं.

"दुसरा नाही."

"मिस्टर झुर्को, तुमचा अपमान झालाय. आम्हाला फक्त तुमच्या तोंडून ते हवंय. कॅमेऱ्यासमोर दोन मिनिटं. आणि एक नाव."

"कसलं नाव?"

"त्याला ही गोष्ट कुणी पुरवली? आतलंच कुणीतरी असणार. ज्याने स्वतःच्या माणसाला असं विकलं, तो कोण हे लोकांना कळू दे. एवढं केलं की तो उमेदवार संपला." मग दुसरा हळूच म्हणाला, "आणि जो कुणी असेल तोही संपला. तुम्हाला बरं वाटेल."

पाकीट त्यांनी डब्याशेजारी ठेवलं. आत काय आहे ते सांगितलं, आणि मी ते उघडून मोजलं, कारण मी सांगितलेल्या आकड्यावर विश्वास ठेवत नाही. बरोबर होतं.

मी म्हणालो, "पत्र मीच लिहिलं होतं. मी त्याला सगळं कळवलं. नाव हवं तर माझं लिहून घ्या." पाकीट बंद केलं, त्यांच्या बाजूला सरकवलं, आणि जाताना पायपुसणं कुठे आहे ते दाखवलं.

रक्कम: चाळीस हजार डॉलर.